दोघांत कोपनहेगन, तेही खिसा सांभाळून

कोपनहेगन महाग आहे, हे जे ऐकता ते खरंच आहे. साध्या कॅफेत एक कॉफी आणि एक दालचिनीचा रोल घेतला की ऐंशी-नव्वद क्रोनर जातात, म्हणजे आपले हजार-अकराशे रुपये. पण हे शहर पैसे घेतं ते मुख्यतः तुम्ही कुठे टेकलात की. चालत राहिलात, तर राजवाड्याचा चौक, किल्ला, बंदर, संसदेचा मनोरा, बागा यांतलं बरंचसं फुकट पडतं. म्हणून इथल्या सहलीचं बजेट तिकिटांवर घसरत नाही, ते खाण्यावर आणि झोपण्यावर घसरतं. ती दोन खाती आधी आवळली की बाकीचं आपोआप जमतं.

हा लेख दोन मित्रांसाठी किंवा मैत्रिणींसाठी आहे. दोन रात्री, तीन दिवस, पहिलीच खेप. तुम्ही जर्मनी-नेदरलँड्सकडे शिकायला किंवा नोकरीला असाल, नाहीतर भारतातून युरोपच्या मोठ्या सहलीत हे शहर घुसवत असाल, असं धरून लिहितो. इथले दर अंदाजासाठी आहेत. निघण्याआधी एकदा ताजे बघून घ्या.

निघण्याआधी दोघांनी बसून बोला

सहल कुठल्या कारणाने बिघडत असेल तर ती बहुतेक वेळा पाऊस किंवा महागाई नसते. एकाला रोज बाहेर जेवायचं असतं आणि दुसरा घरून ठेपले घेऊन आलेला असतो. त्यामुळे तारखांच्याही आधी तीन गोष्टी स्पष्ट करा.

पहिली, रोजच्या खर्चाची वरची मर्यादा. ज्याचा खिसा हलका, त्याची मर्यादा दोघांनी पाळायची. दुसरी, पैशाचं गणित. प्रत्येक ठिकाणी टीटीएमएम करत बसलात तर दर दुकानात दोन कार्डं, दोन पावत्या आणि दोन चेहरे. त्यापेक्षा दोघांनी सारखी रक्कम सामाईक धरावी, एकाच कार्डाने खर्च करावा आणि स्प्लिटवाइजसारख्या अॅपवर तिथल्या तिथे नोंद करावी. बिअर, सिगारेट, फ्रिजवर लावायचे मॅग्नेट हे ज्याचं त्याचं. तिसरी, प्रत्येकाने तिकीट लागणारी एकच जागा निवडायची आणि दुसऱ्याने कुरकुर न करता तिथे यायचं. एकाला मनोरा हवा, दुसऱ्याला संग्रहालय, इतकं पुरे. पाच-सहा तिकिटं काढायचीच असतील तर मग कोपनहेगन कार्डाचा विचार करा. त्यात वाहतूक आणि पुष्कळ ठिकाणांचा प्रवेश येतो, पण चोवीस तासांचं कार्डच पाचशे क्रोनरच्या आसपास जातं. दिवसाला किमान तीन महागडी ठिकाणं धावत-पळत उरकलीत तरच ते वसूल होतं. माझ्या मते बजेटवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

ढोबळ हिशेब असा धरा: हॉस्टेलच्या दोन रात्री सहाशे, तीन दिवसांचं खाणं साडेचारशे, शहरातला प्रवास सव्वादोनशे, एखादं-दुसरं तिकीट दीडशे. डोई साधारण चौदाशे-पंधराशे क्रोनर, म्हणजे अठरा ते वीस हजार रुपये. शहरापर्यंत पोचायचा खर्च वेगळा.

कधी जायचं हेही याच बैठकीत ठरवा. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. एका दिवसाच्या पैशात दीड दिवस फिरून होतं, मात्र खाटा महाग असतात. डिसेंबरात पावणेचारलाच अंधार पडतो. मेचा मध्य किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हा मधला मार्ग मला सगळ्यात पटतो. ५ जूनला डेन्मार्कचा संविधान दिन असतो आणि दुकानं मोठ्या प्रमाणात बंद राहतात. ईस्टर आणि नाताळच्या सुट्ट्यांतही तेच. त्या दिवसांत गेलात तर आदल्या दिवशीच पाव-अंडी भरून ठेवा.

कागदपत्रं

डेन्मार्क शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, पण चलन युरो नाही. भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमचे सगळ्यात जास्त दिवस जाणार आहेत. आठ दिवस जर्मनी आणि तीन दिवस कोपनहेगन असेल तर अर्ज जर्मनीकडे. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा सक्तीचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात मुलाखतीच्या तारखा मिळत नाहीत, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

शेंगेनमधल्या देशाचा निवासी परवाना हातात असेल तर वेगळा व्हिसा नको. १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. फक्त पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड, दोन्ही मूळ प्रती बरोबर हव्यात. फोनमधला फोटो चालत नाही. जर्मनीकडून येताना डॅनिश सीमेवर बस थांबवून कागद बघतात, आणि ते सहसा तुमच्या साखरझोपेत. परवाना नूतनीकरणाला दिला असेल आणि हातात नुसता तात्पुरता कागद असेल, तर तो दुसऱ्या देशात जायला चालतो का हे तुमच्या परदेशी नागरिक कार्यालयात आधी विचारा. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्यांना शेंगेन व्हिसा काढावाच लागतो.

पोचायचं कसं

युरोपातल्या युरोपात स्वस्त विमान मिळालं तर उत्तम, पण त्याच्या तिकिटात फक्त पाठीवरची लहान बॅग येते हे ध्यानात घ्या. मोठ्या बॅगेचे पैसे कधीकधी तिकिटाहून जास्त असतात. तीन दिवसांना लहान बॅग पुरते.

हांबुर्गहून रेल्वेने पाच तासांच्या आसपास लागतात. लवकर आरक्षण केलं तर भाडं परवडतं. बस त्याहून स्वस्त. बऱ्याच बस जर्मनीतलं पुट्टगार्डन ते डेन्मार्कमधलं रोडबी हा समुद्राचा पट्टा फेरीबोटीतून ओलांडतात, पाऊण तासाचा. बस बोटीच्या पोटात उभी राहते आणि प्रवासी वर डेकवर जातात. २०१९ पर्यंत या मार्गावर चक्क आगगाडी बोटीत चढायची. आता गाडी लांबून, युटलंड द्वीपकल्पावरून जाते, आणि समुद्राखालून बोगद्याचं काम चालू आहे. दिवसाची बस घेतलीत तर तो पाऊण तास म्हणजे फुकटची समुद्रसफर. बोटीवरच्या दुकानात मात्र हात खिशातच ठेवा.

रात्रीच्या बसने हॉस्टेलची एक रात्र वाचते खरी, पण सीमेवरची तपासणी, फेरीत चढ-उतार यामुळे झोप मोडते आणि पहिला दिवस जांभया देण्यात जातो. एका बाजूने चालेल. दोन्ही बाजूंनी करू नका.

झोपायचं कुठे

हॉस्टेलातली खाट साधारण दोनशे ते साडेतीनशे क्रोनरला मिळते. उन्हाळ्यातल्या शुक्रवार-शनिवारी त्याच खाटेचा भाव वर जातो, म्हणून रविवार ते मंगळवार असा बेत केला तर फरक पडतो. सोमवारी मात्र काही संग्रहालयं बंद असतात, तेवढं जुळवून घ्या. दोघं आहात, तेव्हा दोन खाटांची बेरीज आणि हॉस्टेलातल्याच दोघांच्या खोलीचा दर शेजारी-शेजारी ठेवून बघा. आड मोसमात फरक इतका कमी असतो की खोली घेणं शहाणपणाचं.

आरक्षण करताना तीन गोष्टी वाचा. चादर आणि टॉवेल भाड्यात आहेत का? पुष्कळ ठिकाणी चादरीचे पैसे वेगळे असतात आणि स्वतःची झोपण्याची पिशवी वापरू देत नाहीत. पाहुण्यांना स्वयंपाकघर आहे का? हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. ते असेल तर खाट पन्नास क्रोनरने महाग असली तरी घ्या. आणि मेट्रोचं स्टेशन चालत किती दूर? मध्यवर्ती स्टेशनाजवळचा व्हेस्टरब्रो, नोरेब्रो, किंवा आमागर बेटावरचा मेट्रोलगतचा भाग, यांपैकी कुठेही चालेल. व्हेस्टरब्रोत स्टेशनामागची एक-दोन गल्ल्यांची वस्ती रात्री थोडी रंगेल वाटते, पण रहदारी असते.

‘स्वीडनमधल्या माल्मोला राहा, स्वस्त पडतं’ असा सल्ला हमखास मिळतो. पुलावरून एका बाजूचं रेल्वेभाडंच डोई शंभर क्रोनरच्या वर आहे. दोघांचं रोजचं जाणं-येणं धरा म्हणजे स्वस्ताई कुठे जाते ते कळेल.

पैसे

एक युरो म्हणजे साधारण साडेसात क्रोनर. क्रोन युरोला बांधलेला असल्यामुळे हा भाव फारसा हलत नाही. रुपयांत एक क्रोन तेरा-चौदाच्या आसपास. रोख बदलून नेण्याची गरज नाही. सॉसेजच्या गाडीपासून मेट्रोच्या तिकीट यंत्रापर्यंत कार्ड चालतं. स्थानिक लोक मोबाईलपे वापरतात, ते पाहुण्यांना मिळत नाही, सोडून द्या. दोघांकडे वेगवेगळ्या बँकांची कार्डं असू द्या. एक अडलं तर दुसरं.

कार्ड टेकवल्यावर यंत्र कधीकधी विचारतं: रुपयांत भरायचे, युरोत की क्रोनरमध्ये? नेहमी क्रोनर. रुपये निवडले की ते यंत्रवाले आपल्या मर्जीचा भाव लावतात. टिप द्यायचा रिवाज नाही, लाजू नका.

विमानतळ आणि तिकीट

विमानतळाच्या तिसऱ्या टर्मिनलवरून मेट्रोची एम२ ही लाइन थेट शहरात जाते. नोरेपोर्ट स्टेशन पंधरा मिनिटांवर. मध्यवर्ती स्टेशनाला जायचं असेल तर तिथूनच रेल्वे पकडा, वेळ तेवढाच. मेट्रो चोवीस तास धावते, चालक नसतो, त्यामुळे पुढच्या काचेपाशी जागा मिळाली तर बोगदा समोरून बघता येतो. टॅक्सीचा विचार मनात आला तर हॉस्टेलचं भाडं आठवा.

तिकीट झोनवर, म्हणजे शहराच्या ठरलेल्या विभागांवर असतं आणि मेट्रो, बस, लोकल, बंदरातली बोट सगळ्याला एकच चालतं. तीन दिवसांसाठी ‘सिटी पास स्मॉल’ घ्या. तो चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर तासांचा मिळतो आणि विमानतळही त्यात येतो. तास मोजले जातात, दिवस नाही. दुपारी दोनला उतरलात तर चोवीस तासांचा पास दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत. हे लक्षात ठेवून नेमका किती तासांचा घ्यायचा ते ठरवा. दिवसभर पायीच फिरणार असाल तर सुटी तिकिटंही परवडतात.

मेट्रोत फाटक नाही, कुणी अडवत नाही. म्हणून काही जण विनातिकीट चढतात. तपासनीस गर्दीतूनच येतात आणि दंड एका रात्रीच्या खाटेच्या कितीतरी पट. ‘मी पर्यटक आहे’ हे कारण रोज ऐकून त्यांचे कान किटले आहेत. मार्ग शोधायला रायसेप्लानेन हे अॅप ठेवा. बस-बोट-रेल्वे सगळं एकत्र दाखवतं.

खाणं: इथेच बजेट राहतं किंवा बुडतं

सुपरमार्केटांची नावं पाठ करा: नेटो, रेमा १०००, लिडल. नेटोची पाटी पिवळी, तिच्यावर काळा कुत्रा. कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणाऱ्या सेव्हन-इलेव्हनमध्ये तीच पाण्याची बाटली दुप्पट भावाने मिळते. पाणी विकत घेऊच नका. नळाचं पाणी इथे बिनधास्त प्यायचं असतं. एक-एक रिकामी बाटली बरोबर ठेवा.

सकाळ हॉस्टेलात उरका: राईचा काळा पाव, अंडी, केळी, स्कीर नावाचं घट्ट दही. राईचा पाव पहिल्या घासाला आंबट आणि जड लागतो, पण दोन काप खाल्ले की दुपारी दोनपर्यंत भूक लागत नाही. मेतकूट किंवा शेंगदाण्याची चटणी त्यावर झकास जाते, हे कुठल्याही डॅनिश माणसाला सांगू नका. भारतातून थेट येत असाल तर एक कायदा ध्यानात ठेवा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बाकरवडीसोबतची आंबा बर्फी, सगळं त्यात येतं. कोरडी चटणी, भाजलेले पोहे, उपम्याचं तयार मिश्रण यांना अडचण नाही.

दुपारी एक गरम जेवण बाहेर घ्या. नोरेब्रोगाडे या रस्त्यावर शावर्मा-फलाफलची दुकानं ओळीने आहेत. पन्नास ते सत्तर क्रोनरमध्ये गुंडाळलेलं फलाफल मिळतं, आत कोबी, लोणच्यातली मिरची आणि लसणाचा पांढरा सॉस. एकाचं पोट भरतं आणि शाकाहाऱ्यांची सोय होते. मिरची वेगळी मागा, देतात. स्मोरब्रोड, म्हणजे राईच्या कापावर मासे-अंडी-बटाटे रचलेला डॅनिश प्रकार, एकदा चाखायचा असेल तर नोरेपोर्टजवळच्या टॉर्वेहालेर्ने या काचेच्या बाजारात एक घेऊन दोघांत वाटा. हॉटेलात बसून खाल्लात तर दीडशे-दोनशेला फोडणी.

रस्त्यावरच्या गाडीवरचं लाल सॉसेज बहुधा डुकराचं असतं. जे खात नाहीत त्यांनी पाकिटावरचे चार शब्द ओळखावेत: स्विनकोड म्हणजे डुकराचं, ओक्सेकोड म्हणजे गाईचं, कुलिंग म्हणजे कोंबडी, वेगेतार म्हणजे शाकाहारी.

रात्रीसाठी टू गुड टू गो हे अॅप टाका. दिवसअखेर उरलेलं अन्न कमी भावात देणारी ही कल्पना याच शहरात सुरू झाली, त्यामुळे दुकानं भरपूर. पिशवीत काय येईल ते आधी कळत नाही. शाकाहाऱ्यांनी बेकरीची पिशवी घ्यावी. चाळीस-पन्नास क्रोनरमध्ये दोघांची दुसऱ्या दिवशीची न्याहारीसुद्धा निघते.

डबे-बाटल्या फेकू नका. प्रत्येकावर अनामत रक्कम भरलेली असते: कॅन आणि लहान काचेच्या बाटलीवर १ क्रोन, लहान प्लास्टिकच्या बाटलीवर दीड, एक लिटर आणि त्यावरच्या बाटलीवर ३. सुपरमार्केटच्या दाराशी भिंतीत एक गोल तोंडाचं यंत्र असतं. बाटली आत सरकवायची, ती गोल फिरून गायब होते, शेवटी बटण दाबलं की पावती येते. ती गल्ल्यावर दिली की बिलातून वजा.

चालणं आणि सायकल

शहर सपाट आणि छोटं आहे, मध्यभाग पायीच होतो. नवख्या माणसाची पहिली चूक ठरलेली: फोटो काढताना सायकलच्या मार्गिकेत उभं राहणं. ती पदपथाला चिकटून, थोडी खालच्या पातळीवर असते. सकाळी आठ-नऊला तिथून सायकलींचा लोंढा जातो आणि घंटी ऐकू आली तेव्हा उशीर झालेला असतो. बसमधून उतरतानाही काही थांब्यांवर पाय थेट या मार्गिकेत पडतो, आधी डावी-उजवी बघा.

सायकल भाड्याने घ्यायची तर डाँकी रिपब्लिकच्या केशरी सायकली अॅपवर उघडतात. अर्धा दिवस पुरे. नियम मोजके पण पक्के: उजव्या कडेने चालवा, ओव्हरटेक डावीकडून, थांबायचं असेल तर आधी हात वर करा. डावीकडे वळायचं असेल तर चौकात तिरकं घुसायचं नाही. आधी सरळ पलीकडे जायचं, थांबायचं, सिग्नल मिळाला की मग डावीकडे. दोघांनी शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवली तर मागून डॅनिश भाषेतले निवडक शब्द ऐकायला मिळतील. फोन हातात घेऊन चालवल्यास दंड आहे.

पहिला दिवस: जुनं शहर आणि पाणी

नोरेपोर्टला उतरून रुंडेटॉर्नकडे चला. चौथ्या क्रिस्टियान राजाचा हा गोल मनोरा १६४२ मध्ये पुरा झाला. आत जिन्याऐवजी २०९ मीटरची विटांची चढण गोल-गोल वर जाते. रशियाचा पीटर द ग्रेट १७१६ मध्ये घोड्यावर बसून वर गेला होता म्हणतात. तिकीट आहे, फार नाही. पण मनोऱ्यावर पैसे घालायचे नसतील तर पुढचं वाचा.

तिथून स्ट्रॉयेट या पादचारी रस्त्याने निघा. १९६२ पासून इथे मोटारी बंद आहेत. दुकानं सगळीकडची तीच, त्यामुळे पाय उचला. वाटेत थोडं आत व्होर फ्रू किर्के हे कॅथेड्रल आहे, प्रवेश फुकट. डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसेनने घडवलेले ख्रिस्त आणि बारा शिष्यांचे पांढरे पुतळे तिथे उभे आहेत.

आता क्रिस्टियान्सबोर्ग राजवाडा. एकाच इमारतीत संसद, पंतप्रधानांचं कार्यालय आणि सर्वोच्च न्यायालय. तिचा मनोरा १०६ मीटरचा, आणि वर जायला एक पैसा पडत नाही. खाली सुरक्षा तपासणी होते, मग लिफ्ट. सोमवारी तो बहुधा बंद असतो. वरून जवळच एक जळकी इमारत आणि तिच्याभोवतीचं बांधकाम दिसेल. ते बोर्सन, जुना शेअर बाजार. १६ एप्रिल २०२४ ला त्याला आग लागली आणि चार ड्रॅगनांच्या शेपट्या पिळून केलेला त्याचा कळस कोसळला. हाही चौथ्या क्रिस्टियानच्याच काळातला. त्याच राजाच्या कारकिर्दीत, १६२० मध्ये, डॅनिश लोकांनी तामिळनाडूतल्या तरंगमबाडीला बस्तान बसवलं आणि ते १८४५ पर्यंत राहिलं. गोव्यात पोर्तुगीज, मुंबईत इंग्रज एवढंच शिकलेल्या आपल्याला डॅनिशांचा विसर पडलेला असतो.

खाली उतरून राजवाड्यामागे ‘ब्लॅक डायमंड’मध्ये शिरा. काळ्या ग्रॅनाइटची ही राष्ट्रीय ग्रंथालयाची १९९९ मधली इमारत. आत बसायला जागा, वायफाय, स्वच्छ फुकट स्वच्छतागृह आणि समोर बंदराचं पाणी. भर दुपारी पाय दुखायला लागले की टेकायची ती हीच जागा. शहरातली सार्वजनिक स्वच्छतागृहंही सहसा फुकट असतात, जर्मनीहून आलेल्यांना हे विशेष जाणवतं.

ग्रंथालयाच्या धक्क्यावर बंदरातली पिवळी बोट थांबते. क्रमांक ९९१ किंवा ९९२. ही बससेवेचाच भाग, त्यामुळे तुमचा पास चालतो. कालव्यांच्या सफरीला शंभराच्या आसपास क्रोनर मोजावे लागतात. त्या बोटी अरुंद कालव्यांत, बुटक्या पुलांखालून जातात आणि माहिती सांगतात, ही सोय पिवळ्या बोटीत नाही. पण बंदराचं मुख्य दृश्य, ऑपेरा हाऊस आणि जुनी गोदामं सगळं दिसतं. मागच्या उघड्या भागात उभे राहा आणि जाकीट चढवा, उन्हाळ्यातही वारा बोचतो.

न्यूहाउनला उतरा. पोस्टकार्डावरची रंगीत घरं ती हीच. पाचव्या क्रिस्टियानने १६७१ ते १६७३ मध्ये हा कालवा खणवला. परीकथा लिहिणारा हान्स क्रिस्टियान अँडरसन इथे २०, ६७ आणि १८ या तीन क्रमांकांच्या घरांत वेगवेगळ्या काळी राहिला. उन्हाच्या बाजूची हॉटेलं म्हणजे सापळा. नेटोतून घेतलेलं खाणं काढा, धक्क्याच्या कडेला पाय पाण्याकडे सोडून बसा. स्थानिक पोरंपोरीही तेच करतात.

दुसरा दिवस: राजाचे पहारेकरी, मग नोरेब्रो

साडेअकराच्या आत रोसेनबोर्ग किल्ल्याशेजारच्या बराकीपाशी पोचा. अस्वलाच्या कातड्यासारख्या उंच टोप्या घातलेले पहारेकरी तिथून निघतात आणि शहरातून चालत बरोबर बाराला राजाच्या आमालियेनबोर्ग राजवाड्यापाशी पोचतात. बहुतेक पर्यटक बाराला चौकात येऊन डोक्यांच्या मागून बघतात. तुम्ही त्यांच्याबरोबर चालत जा, मजा त्यात आहे. राजा मुक्कामी असेल तर बँडही असतो. सध्याचा राजा दहावा फ्रेडरिक. त्याची आई दुसरी मार्गरेट हिने १४ जानेवारी २०२४ ला सिंहासन सोडलं. चौकाच्या मागे संगमरवरी चर्च आहे, ३१ मीटर रुंद घुमटाचं, आत जाणं फुकट.

तिथून सरळ कास्टेलेट. सतराव्या शतकातला ताऱ्याच्या आकाराचा किल्ला, आजही लष्कराकडे, तरी तटावरून कुणीही फिरावं. हिरवे मातीचे तट, खंदक, एक पवनचक्की. त्याच्या पलीकडे अँडरसनच्या परीकथेतली ‘छोटी जलपरी’. १९१३ मधलं हे शिल्प फक्त सव्वा मीटर उंच आहे आणि ‘एवढीच?’ हा उद्गार तिथे सर्व भाषांत ऐकू येतो. तिच्यासाठी वेगळी फेरी करू नका, किल्ल्याला जोडून दहा मिनिटं द्या.

परतताना रोसेनबोर्गच्या बागेसमोर डेव्हिड संग्रह आहे, प्रवेश कायम फुकट, सोमवारी बंद. इस्लामी कलेचा युरोपातला हा एक मोठा संग्रह. आपल्यासाठी खास म्हणजे त्यात मुघल आणि दख्खनी लघुचित्रं आहेत. अहमदनगर-विजापूरचा इतिहास शाळेत सनावळ्यांत वाचला, त्या दख्खनच्या दरबारी कलेतले बारीक रंग इथे हातभर अंतरावरून बघता येतात. दालनं अंधारी ठेवलेली असतात, डोळे सरावायला थोडा वेळ द्या. दोघांतल्या एकाला संग्रहालयांचा कंटाळा असेल तर त्याला बागेत सोडा, तासाभराने भेटा. दिवसभर चिकटून फिरलंच पाहिजे असं थोडंच आहे.

संध्याकाळ नोरेब्रोत. आधी असिस्टेन्स स्मशानभूमी. अँडरसन, तत्त्वज्ञ किर्केगॉर आणि भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर इथे विसावले आहेत, आणि लोक शेजारच्या हिरवळीवर पुस्तक घेऊन पडलेले असतात. मग वर सांगितलेलं फलाफल.

तिसरा दिवस: यातलं एकच

ऊन असेल तर फ्रेडरिक्सबेर्गची बाग. प्राणिसंग्रहालय तिला लागूनच आहे आणि हत्तींचं आवार बागेतून दिसतं. वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टरने आखलेलं हे हत्तीघर २००८ मध्ये उघडलं. तिकीट काढून आत गेलेले लोक एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला, हत्ती तेच, आणि तेही आशियाई. दुपारी इस्लँड्स ब्रुगेला या. उन्हाळ्यात बंदरातच पोहण्याचे हौद आहेत, फुकट. पाणी गार असतं, पण एकाने उडी मारली की दुसऱ्याला मारावीच लागते.

क्रिस्टियानिया बघायचं असेल तर दिवसाउजेडी. १९७१ मध्ये रिकाम्या लष्करी बराकींत लोक घुसले आणि त्यांनी आपली वसाहत थाटली. एप्रिल २०२४ मध्ये रहिवाशांनीच तिथल्या गांजाच्या बाजाराच्या रस्त्याचे दगड उखडले. गांजा देशात बेकायदा आहे. व्हिसावर आलेल्या माणसाने त्या भानगडीपासून दूर राहावं. फोटो काढण्याआधी पाटी बघा.

शहराबाहेर जायचंच तर हेलसिंगोर. पाऊण तास रेल्वे, आणि पोचल्यावर क्रोनबोर्ग किल्ला, शेक्सपिअरच्या हॅम्लेटचा. आतल्या दालनांना तिकीट लागतं, पण बाहेरून तटांवर फिरून समोरचा स्वीडन बघायला लागत नाही. त्या दिवसापुरता ‘सिटी पास लार्ज’ घ्या, स्मॉल तिथवर पोचत नाही. माल्मोला जायचं असेल तर पासपोर्टशिवाय गाडीत बसू नका, स्वीडनच्या पहिल्याच स्टेशनावर तपासणी होऊ शकते.

निघायच्या दिवशी

खोली सहसा सकाळी दहा-अकरालाच सोडावी लागते. बॅगा हॉस्टेलातच ठेवायला मिळतात का ते आदल्या रात्री विचारा, कारण स्टेशनावरच्या लॉकरचे पैसे मेट्रोच्या तिकिटाहून बरेच जास्त. मध्यवर्ती स्टेशनात आणि स्ट्रॉयेटवर पाकीटमार असतात, पासपोर्ट आतल्या खिशात. आणीबाणीला ११२. जिवावर बेतलेलं नसेल पण डॉक्टर हवा असेल तर राजधानी विभागात १८१३.

विमान पहाटेचं असेल तरी विमानतळाजवळ हॉटेल घेऊ नका, मेट्रो रात्रभर चालू असते. पासाचे तास संपले नाहीत ना ते मात्र चढण्याआधी बघा. राहिलेल्या बाटल्या यंत्रात टाका आणि त्या पावतीवर रस्त्यासाठी केळी घ्या. विमानात फोन बंद करायच्या आधी सामाईक हिशेब काढून ज्याचे निघतात त्याला तिथल्या तिथे देऊन टाका.